पुण्याच्या उन्हाळ्यात ओली कोलोडियन प्लेट, तीही जुन्या पितळी लेन्सवर

ओली कोलोडियन प्लेट म्हणजे काचेवर कोलोडियनचा थर ओतून, तो ओला असतानाच फोटो काढून डेव्हलप करायची जुनी पद्धत. कोलोडियन हे इथर आणि अल्कोहोलमधलं चिकट द्रावण, आणि इथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळतं. एप्रिलच्या दुपारी पुण्यात पारा ३८च्या पुढे असतो, त्यामुळे कोलोडियन काचेवर पसरायच्या आतच वाळायला लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे काम निवांत जमतं. उन्हाळ्यात करायचंच असेल तर सकाळी नऊच्या आत उरका आणि कोलोडियनची बाटली गार पाण्याच्या भांड्यात ठेवा.

लेन्सपासून सुरुवात करू. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी मॅजिक लँटर्नची (काचेवरची चित्रं पडद्यावर दाखवणाऱ्या जुन्या प्रोजेक्टरची) पितळी लेन्स हाती लागली तर सोडू नका. त्यांतल्या पुष्कळशा पेट्झव्हाल रचनेच्याच असतात. जोसेफ पेट्झव्हालने ही रचना १८४० मध्ये केली. मधोमध धारदार, कडेला विरघळत जाणारी प्रतिमा हीच तिची खासियत. मागच्या गटात दोन सुट्या काचा आणि मध्ये एक कडं असतं. पुसायला काढण्याआधी काचांच्या कडेवर पेन्सिलीने बाण काढा. एक काच उलटी बसली तरी चित्र धुरकट येतं आणि दोष विनाकारण रसायनांना दिला जातो.

फोकल लेंग्थ (लेन्सचं नाभीय अंतर) काढायला फूटपट्टी समोर धरा. कॅमेऱ्याच्या मागच्या, फोकस पाहायच्या दुधी काचेवर ती मूळ मापाचीच दिसेल असा फोकस करा. पट्टी ते दुधी काच या अंतराला ४ ने भागा. ४×५ इंची प्लेटसाठी साधारण २०० मिमी हवी. शटर नसतं; झाकण काढायचं, मोजायचं, परत लावायचं.

काच २ मिमीची, कडा कार्बोरंडमच्या घासदगडाने घासलेल्या. खडूची भुकटी, अल्कोहोल आणि पाण्याच्या लेपाने ती चोळा. हात लागलेल्या जागेवरून थर पापुद्र्यासारखा सुटतो, म्हणून या पायरीत घाई नको.

सिल्व्हर बाथ (प्लेट प्रकाशसंवेदी करणारं चांदीचं द्रावण): १ लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ८० ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, पीएच ४च्या आसपास, जास्त असेल तर नायट्रिक अ‍ॅसिड थेंबाथेंबाने. नळाचं पाणी अजिबात नको, त्यातल्या क्लोराइडने बाथ दुधाळ होतो. नव्या बाथमध्ये कोलोडियन लावलेली एक प्लेट रात्रभर बुडवून ठेवा, नाहीतर सुरुवातीच्या प्लेटांतलं आयोडाइड बाथच ओढून घेतो.

आता खरी कसोटी. आयोडाइड-ब्रोमाइड घातलेलं कोलोडियन काचेच्या मध्यावर ओता, चारही कोपऱ्यांकडे फिरवा, शेवटच्या कोपऱ्यातून बाटलीत परत घ्या आणि प्लेट डोलवत राहा; न डोलवल्यास तिरक्या रेघा उमटतात. निथळत्या कोपऱ्याला बोट लावा: ठसा उमटला पण बोट ओलं झालं नाही, की लगेच बाथमध्ये. थंडीत याला अर्धं मिनिट लागतं, मे महिन्यात दहा सेकंदही पुष्कळ. उशीर झाला तर सर्वांत आधी भिजलेला कोपरा चांदी घेत नाही आणि तिथे पारदर्शक डाग राहतो.

लाल दिव्यात ३ मिनिटं बुडवा. वर काढल्यावर तेलकट ओघळ दिसले तर परत आत. तिथून फोटो घेऊन डेव्हलपरपर्यंत (चित्र उमटवणाऱ्या द्रावणापर्यंत) उन्हाळ्यात ४-५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नका. प्लेटला निळा आणि अतिनील प्रकाशच दिसतो, त्यामुळे लाइट मीटरवर फारसं विसंबू नका. मोकळ्या सावलीत एफ/४ छिद्राला ३ सेकंदांपासून सुरू करा. पावसाळी ढगांत वेळ बराच वाढतो.

डेव्हलपर: पाणी ३५० मिली, फेरस सल्फेट १५ ग्रॅम, ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड १५ मिली, अल्कोहोल १५ मिली. उकाड्यात अ‍ॅसिड २५ मिलीपर्यंत न्या, नाहीतर सावल्यांवर राखाडी धुकं चढतं. एका झोकात ओता आणि प्लेटवरून सांडू देऊ नका. सांडलं तर चांदी वाहून जाते आणि चित्र फिकं पडतं. १५-२० सेकंदांत पाणी ओतून थांबवा. फिक्सिंगला, म्हणजे चित्र पक्कं करायला, २० टक्के हायपो (सोडियम थायोसल्फेट) पुरे. सायनाइडने टोन देखणा येतो हे खरं, पण घरात ते आणूच नका.

धूमकेतूसारखे ठिपके दिसले तर बाथ गाळा. धुकं हटतच नसेल तर पीएच आणि कॅमेऱ्याचे भाते तपासा. सिल्व्हर नायट्रेट हाताळताना गॉगल हवाच, डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. वार्निशसाठी काच स्पिरिटच्या दिव्यावर कोमट करावी लागते. त्याआधी इथर आणि कोलोडियनच्या बाटल्या बुचं लावून दुसऱ्या खोलीत ठेवा, खिडक्या उघडा आणि मगच काडी ओढा.