गावच्या चर्चचा आणि दफनभूमीचा इतिहास: काम कुठून धरावे, कुठे फसते

अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ मध्ये काम सुरू केले. पुढे राहुरी, वडाळा आणि आसपासच्या खेड्यांत मंडळ्या, म्हणजे एकत्र उपासना करणारे ख्रिस्ती समुदाय, उभ्या राहिल्या. अशा गावाचा इतिहास लिहायला बसलेला माणूस बहुधा इमारतीपासून सुरुवात करतो आणि पहिल्याच पानावर चुकतो. खेड्यात मंडळी आधी जमते, इमारत मागून येते. मधली कित्येक वर्षे उपासना मिशनच्या शाळेच्या खोलीत होते. भिंतीतल्या दगडावरची तारीख पायाभरणीची असेल, अर्पणविधीची किंवा जीर्णोद्धाराचीही. फाटकावरच्या पाटीवर '१९७०' दिसले तर ते बहुधा अनेक प्रोटेस्टंट चर्चे एकत्र येऊन बनलेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या स्थापनेचे साल असते (२९ नोव्हेंबर १९७०, नागपूर), मंडळीच्या जन्माचे नव्हे. म्हणून आधी दफनभूमीत जा.

पाळकसाहेब आणि पास्टरेट कमिटी (मंडळीचा कारभार पाहणारी समिती) यांची परवानगी घेऊन फेब्रुवारी ते मे या काळात काम करा. तेव्हा गवत वाळलेले असते. ते विळ्याने कापा, पेटवू नका. आगीच्या धगीने दगडाचे पापुद्रे सुटतात. पायात बूट, हातात काठी हवीच, कारण दगडांच्या फटीत साप असतात.

पहिला नकाशा, मग वाचन. मोबाइलचे जीपीएस काही मीटरने चुकते आणि इथे दोन कबरींत अंतर असते जेमतेम एक मीटर, तेव्हा टेप लागतोच. कुंपणाच्या सरळ बाजूने दोरी ताणून पायारेषा घ्या, प्रत्येक कबरीच्या डोक्याकडच्या मध्यापासून तिच्यावर लंब टाका. काटकोन तपासायला दोरीचा ३, ४ आणि ५ मीटरचा त्रिकोण पुरतो. आलेखकागदावर १ सेंटिमीटरला १ मीटर हे प्रमाण ठेवा. क्रमांक कागदावरच घाला, दगडावर रंगाने कधीच नाही.

नकाशात बिननावाच्या कबरीही हव्यात, हे बजावून सांगायला हवे. खेड्यातल्या बहुतेक कबरी म्हणजे मातीचा उंचवटा, कडेने रचलेले धोंडे, फार तर लाकडी क्रूस. कोरीव दगड मिशनरी, पाळक आणि चार पैसे बाळगून असलेल्या घरांचे. फक्त कोरीव लेख मोजले की गावाच्या इतिहासात शेतमजूर उरतच नाही. उंचवट्याची लांबीही लिहा. मीटरभराहून आखूड असेल तर कबर बहुधा लहान मुलाची.

आता वाचन. स्वच्छ पाणी आणि मऊ ब्रश, एवढेच. तारेचा ब्रश, ॲसिड, ब्लीचिंग पावडर वर्ज्य. शहाबादी फरशी हा चुनखडक आहे. ॲसिड पडले की ती फसफसते आणि अक्षराची कड विरघळते. अक्षरांत खडू किंवा पीठही भरू नका. काळ्या पाषाणावरचे दगडफूल तसेच राहू द्या, खरवडले की दगडाचा वरचा थरही त्याच्याबरोबर येतो.

झिजलेले अक्षर उजळते ते तिरक्या प्रकाशात. संध्याकाळनंतर टॉर्च दगडाच्या अगदी कडेला धरा, पृष्ठभागाशी १० ते १५ अंशांचा कोन करून, आणि चारही बाजूंनी एकेक फोटो काढा. दिवसा एकाने दगडावर छत्री धरावी, दुसऱ्याने आरशाने ऊन बाजूने फेकावे. '१' आणि '९' इथेच वेगळे होतात: '१'ची शेपटी खाली सरळ सुटते, तर '९'च्या पोटातला खळगा कडेच्या सावलीत दिसतो. समोरून काढलेल्या फोटोत दोन्ही सारखेच.

रंगापासून सावध राहा. सणासुदीला कबरींना चुना फासतात, अक्षरांत ऑइलपेंट भरतात. रंगाऱ्याला पुसट आकडा दिसत नाही, तो अंदाजाने काढतो. रंग वाचू नका, खाच वाचा. बोट फिरवून पाहा. मजकूर ओळीगणिक, मूळ ऱ्हस्वदीर्घासह उतरवा, ओळ तुटते तिथे तिरकी रेघ द्या, न लागलेले अक्षर चौकटी कंसात टिंबाने दाखवा. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' एवढे लागले म्हणून स्तोत्राची पुढची ओळ पाठावरून भरू नका.

मग बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदवह्या. पाने झेरॉक्सच्या काचेवर दाबू नका, पुठ्ठ्याची शिवण तुटते. वही अर्धी उघडी ठेवून वरून फोटो घ्या. एकाच माणसाचे नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी येईल: कुठे आडनाव नाही, कुठे आडनावाच्या जागी गावाचे नाव. बायकांच्या नोंदीत माहेरचे आणि सासरचे दोन्ही तपासा. दफनांची संख्या सालवार मांडली की १८७६-७८ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ, १८९६ पासूनचा प्लेग, १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ यांच्याशी ताडून पाहता येते. दुष्काळात बाप्तिस्मे वाढलेले दिसले तर आकडा आणि तारीख द्या; 'धान्यासाठी झाले' किंवा 'निव्वळ श्रद्धेने झाले' हे नोंदवही सांगत नाही, तेव्हा तुम्हीही सांगू नका.

गावाबाहेरचे पुरावे तीन ठिकाणी शोधा: १८८४ चे अहमदनगर जिल्ह्याचे गॅझेटियर, १८४२ मध्ये नगरला सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' या मिशनच्या नियतकालिकाचे जुने अंक आणि मिशनचे वार्षिक अहवाल. हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाची मूळ कागदपत्रे हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. मिशनरी गावांची नावे आपल्या कानाप्रमाणे रोमन लिपीत लिहीत, त्यामुळे दोन-चार स्पेलिंगे डोक्यात ठेवूनच शोधा.

शेवटी जमीन. दफनभूमी गावठाणाबाहेर असेल तर सातबारा काढा, 'इतर हक्क' रकान्यात दफनभूमीची नोंद आहे का पाहा, आणि फेरफार क्रमांकावरून तहसीलच्या अभिलेख कक्षात जुना फेरफार मागा. जागा कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर आली ते तिथे कळते. गावठाणात असेल तर सातबारा मिळणार नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा, नगर भूमापन (सिटी सर्व्हे) झाले असल्यास, मालमत्ता पत्रक पाहा. उताऱ्यावरचे क्षेत्र तुमच्या नकाशाशी जुळवा. कुंपणाबाहेर कबरी दिसत असतील तर इतिहासाचे लेखन बाजूला ठेवून आधी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या.