कॉम पोर्ट सापडत नाही? विनऑब्ज उघडा

महाप्याच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये वजनकाटा कॉम्प्युटरला जोडला, पण बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये वजन काही येईना. केबल दोनदा बदलून झाली. शेवटी मी विनऑब्ज उघडलं. मार्क रुसिनोविच यांचं, विंडोजच्या आतल्या नोंदी दाखवणारं हे छोटं, फुकट टूल मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचात मिळतं. इन्स्टॉल करावं लागत नाही, फक्त 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करा.

डावीकडे 'ग्लोबल' आणि पुढे दोन प्रश्नचिन्हं असं फोल्डर दिसेल. आपण ज्याला सी ड्राइव्ह किंवा कॉम ३ (काट्यासारखं उपकरण जोडायचं पोर्ट) म्हणतो, ती विंडोजच्या आत नुसती पाटी असते. खरं डिव्हाइस वेगळंच. ती पाटी कुठे बोट दाखवते ते इथे समोरच लिहिलेलं असतं. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉम ३ टाकलेलं होतं, पण आमच्याकडे कॉम ३ नव्हतंच! कॉम ७ होतं, त्यापुढे खऱ्या डिव्हाइसचं नाव, 'डिव्हाइस, व्हीसीपी०'. यूएसबी काढून एफ५ दाबलं, नोंद गायब. परत लावली, हजर. म्हणजे काटा हाच. सॉफ्टवेअरमध्ये ७ टाकलं आणि वजन आलं.

नुसतं बघा, मनसोक्त फिरा. मात्र प्रॉपर्टीजमधल्या सिक्युरिटीच्या परवानग्यांना अजिबात हात लावू नका.