रजिस्ट्रीच्या डेटावर पहिलं संशोधन करताना

रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षी हृदयविकाराच्या रजिस्ट्रीची, म्हणजे अनेक केंद्रांतल्या रुग्णांच्या एकत्र नोंदींची, फाईल हातात आली तेव्हा वाटलं, निम्मं काम झालंच. रुग्ण शोधायला नकोत, फॉर्म भरायला नकोत. प्रत्यक्षात पहिले दोन महिने नुसते रकाने समजून घेण्यात गेले. ते दोन महिने वाचवायला जाऊ नका.

क्रिएटिनिनचंच घ्या, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी. ०.९, १.२, १.१ आणि मध्येच १०६. असे बरेच रुग्ण मी 'मूत्रपिंड निकामी' म्हणून वेगळे काढले होते. मग लक्षात आलं, ते सगळे एकाच केंद्रातले. तिथली लॅब मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये रिपोर्ट देत होती, बाकीच्या मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. १.२ ला ८८.४ ने गुणा, १०६ येतात. म्हणजे हे रुग्ण बाकीच्यांसारखेच होते!

धूम्रपानाच्या रकान्यात 'नाही' इतके जास्त होते की शंका आली. म्हणून नोंदी भरणाऱ्या ताईंच्या शेजारी एक दुपार बसले. केसपेपरवर धूम्रपानाचा उल्लेखच नव्हता, पण रकाना रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडत नव्हतं. त्यांनी 'नाही' निवडलं. दुसरं करणार तरी काय? विचारलंच नाही आणि ओढत नाही, हे दोन्ही एकाच उत्तरात मिसळलं होतं. कुठलंही सॉफ्टवेअर ते वेगळं करून देत नाही. तो घटक मी विश्लेषणातून काढला आणि कारण पेपरच्या मेथड्समध्ये (पद्धतीच्या भागात) लिहिलं.

सगळ्यात फसवी चूक वेळेची. डिस्चार्जनंतर महिन्याभराने औषध सुरू झालेला रुग्ण तो महिना जगलेला असतोच. त्याआधी वारलेले आपोआप 'औषध न घेतलेल्या' गटात जातात आणि औषध गुणकारी दिसतं. हृदय प्रत्यारोपणाच्या सुरुवातीच्या निकालांत हाच घोळ होता; १९७२ मध्ये संख्याशास्त्रज्ञ मिचेल गेल यांनी तो दाखवून दिला. त्यामुळे कोणाचा काळ कुठल्या दिवसापासून मोजायचा, हे गाईडसोबत बसून कागदावर ठरवा.

एवढी मेहनत कशाला, असं वाटेल. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ऑस्ट्रेलियाच्या सांधेरोपण रजिस्ट्रीत धातूवर धातू घासणाऱ्या एका कृत्रिम खुब्याच्या पुन्हा शस्त्रक्रिया जास्त होताना दिसल्या. २०१० मध्ये तो खुबा जगभरातून परत घेतला गेला. शे-दोनशे रुग्णांच्या थीसिसमध्ये हे दिसणं फार अवघड.

स्टॅटिस्टिशियनकडे डेटा घेऊन नव्हे, प्रश्न घेऊन जा, आणि लवकर जा. रजिस्ट्रीसारख्या डेटासाठी २०१५ मध्ये आलेली 'रेकॉर्ड' ही पेपरमध्ये काय काय सांगायचं याची मार्गदर्शक सूची पेपर लिहिताना नव्हे, प्रोटोकॉल लिहिताना समोर ठेवा. एथिक्स कमिटी आणि डेटा मागणीचे अर्ज पहिल्या वर्षीच टाका, कारण परवानगीला महिने लागतात. तोवर डेटा डिक्शनरी, म्हणजे प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारी यादी, ओळीन् ओळ वाचा आणि निकालाचे तक्ते रिकामे आखून ठेवा. तक्ता आखताना एखादा रकाना नक्की कशाने भरायचा हे सुचलं नाही, तर प्रश्न अजून धूसर आहे. तो तेव्हाच बदलता येतो.