खान्देशात इनलाइन हॉकीची सुरुवात कशी करावी

इनलाइन हॉकी शिकायची म्हटले की प्रथम स्टिकची चौकशी सुरू होते. वास्तविक पहिले काही आठवडे स्टिकला हात लावण्याची गरज नसते. एका रेषेत चार चाके असलेले स्केट्स घालून खेळल्या जाणाऱ्या या खेळात प्रत्येक संघाचे चार खेळाडू आणि एक गोलकीपर मैदानात असतात. प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देण्यास मनाई असल्यामुळे अंगबळापेक्षा वेगात वळण्याला आणि हव्या त्या क्षणी थांबण्याला येथे अधिक मोल आहे. म्हणून नवशिक्याने आधी थांबायला शिकावे, मग वेग वाढवावा आणि त्यानंतरच स्टिक हातात घ्यावी, हा क्रम मी आग्रहाने सुचवतो.

चौकशी करताना एक फरक लक्षात ठेवावा. दोन-दोन चाकांच्या जोड्या असलेल्या क्वाड स्केट्सवर, आखूड स्टिक आणि बॉल घेऊन खेळतात ती रोलर हॉकी हा वेगळा प्रकार आहे. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिक खेळ म्हणून जो खेळला गेला तो हाच. 1955 मध्ये स्थापन झालेला भारतीय रोलर स्केटिंग महासंघ या दोन्ही प्रकारांचे काम पाहतो. जळगाव, धुळे किंवा नंदुरबार येथील जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मान्यताप्राप्त जिल्हा स्केटिंग संघटनेची चौकशी करावी आणि प्रशिक्षकाला आपल्याला इनलाइन हॉकीच शिकायची आहे, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे.

स्केट्सची खरेदी घाईने करू नये. आपल्याकडच्या वर्गांतून मुलांना पुष्कळदा शर्यतीचे स्केट्स घ्यायला सांगतात. त्यांची चाके 100 किंवा 110 मिलिमीटरची, फ्रेम (चाके बसवलेली बुटाखालची पट्टी) लांब आणि बूट घोट्याखाली कापलेला असतो. सरळ धावण्यासाठी ते उत्तम असले, तरी हॉकीतील आखूड वळणांसाठी ते गैरसोयीचे ठरतात. हॉकीच्या स्केट्समध्ये घोट्याला वरपर्यंत आधार, घट्ट लेस, आखूड फ्रेम आणि साधारणपणे 72 ते 80 मिलिमीटरची चाके असतात, आणि टाचेला ब्रेक नसतो. माप बुटाच्या क्रमांकावरून न ठरवता पाऊल कागदावर ठेवून सेंटिमीटरमध्ये घ्यावे, कारण हॉकीच्या स्केट्सचा क्रमांक रोजच्या बुटापेक्षा बहुधा लहान निघतो. लेस बांधून सरळ उभे राहिल्यावर बोटांना पुढचा भाग जेमतेम लागावा, गुडघे वाकवताच बोटे किंचित मागे सरकावीत आणि टाच मुळीच उचलली जाऊ नये. वाढत्या वयाच्या मुलाला पुढच्या वर्षीही होतील म्हणून मोठे स्केट्स घेऊन देणे ही काटकसर नव्हे. सैल बुटात घोटा आत कलतो आणि तीच सवय जडते.

चाकांचा कडकपणा खान्देशात विशेष महत्त्वाचा आहे. तो चाकावर 76ए, 84ए अशा आकड्यांनी छापलेला असतो आणि आकडा जितका मोठा तितके चाक कडक. गुळगुळीत बंदिस्त रिंकसाठी, म्हणजे स्केटिंगच्या मैदानासाठी, मऊ चाके बनवलेली असतात. ती शाळेच्या सिमेंटच्या बास्केटबॉल मैदानावर वापरली तर काही आठवड्यांतच झिजतात. आपल्याकडे सराव बहुतेक उघड्या सिमेंटवरच होणार असल्यामुळे 82ए ते 85ए यांच्या आसपासची चाके घ्यावीत.

हेल्मेट, गुडघ्याचे व कोपराचे पॅड, मनगटाचे संरक्षक आणि तोंडातील माउथगार्ड यांवाचून मैदानात उतरू नये. सामने खेळू लागल्यावर जाळीचे हेल्मेट, हॉकीचे हातमोजे आणि नडगीचे पॅड त्यात जोडावेत. ज्याच्याकडे पैसे मर्यादित आहेत त्याने स्टिक साधी घ्यावी, पण हेल्मेटमध्ये तडजोड करू नये.

सरावाला बास्केटबॉलचे मैदान पुरते. सुरुवातीला तेथील वाळू आणि खडे झाडूने काढावेत, कारण चाकाखाली आलेला हरभऱ्याएवढा खडाही स्केट जागच्या जागी रोखून खेळाडूला तोंडावर पाडू शकतो. दिवाळीनंतर सुरुवात करणे उत्तम. थंडीच्या तीन-चार महिन्यांत पाया पक्का होतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो आणि सिमेंट संध्याकाळीही तापलेले राहते, म्हणून उन्हाळ्यात उजाडताच सराव सुरू करून ऊन चढण्यापूर्वी आटोपावा. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर कधीही उतरू नये: चाके घसरतात आणि ती ज्यांवर फिरतात ती आतली बेअरिंगही गंजतात.

पहिल्या दिवशी पडण्याचा सराव करावा. गुडघे वाकवून अंग खाली आणावे, पुढे झुकून आधी गुडघ्याच्या पॅडवर आणि मग कोपराच्या पॅडवर यावे, आणि तळहात टेकण्याची वेळ आलीच तर बोटे वर उचललेली ठेवावीत. पाठीवर पडणे टाळण्याचा उपाय एकच: तोल जाताना ताठ न होता आणखी खाली बसावे. उभे राहण्याची मूळ स्थितीही हीच आहे. पाय खांद्याएवढे फाकलेले, गुडघे इतके वाकलेले की वरून पाहता बुटाची टोके दिसू नयेत, छाती वर आणि नजर समोर.

थांबण्याचे पहिले तंत्र म्हणजे टी-स्टॉप. सगळा भार पुढच्या पायावर घेऊन मागचा पाय त्याच्या टाचेमागे आडवा ठेवावा आणि त्याची चारही चाके जमिनीवर हलकेच घासत न्यावीत. नवशिके मागचा पाय एकदम दाबतात आणि गर्रकन फिरतात. भार पुढेच राहिला तर तसे होत नाही. हे दोन्ही पायांनी जमले की आखूड वळण घ्यावे: आतला पाय पुढे, बाहेरचा मागे, दोन्ही गुडघे वाकलेले, आणि डोके व खांदे जिकडे जायचे तिकडे आधी वळवलेले. प्रत्यक्ष सामन्यात खेळाडू पुष्कळदा असे वळूनच वेग कमी करतात. दोन्ही स्केट्स एकदम आडवे करून थांबण्याचा हॉकी-स्टॉप मात्र खडबडीत सिमेंटवर चाके अडकण्याची भीती असल्यामुळे प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच शिकावा. डाव्या बाजूला वळणे सोपे वाटते म्हणून तेवढेच करणारे पुष्कळ असतात. अवघड बाजूला दुप्पट वेळ द्यावा. यानंतर उलटे स्केटिंग शिकावे, कारण बचाव करताना ते लागतेच.

आता स्टिक. अनवाणी उभे राहिल्यावर ती नाकापर्यंत आणि स्केट्सवर हनुवटीपर्यंत यावी. वरच्या टोकाला एकच हात स्टिक फिरवतो, म्हणून तेथे आपला कुशल हात ठेवून पाहावा आणि मगच डाव्या किंवा उजव्या वळणाचे पाते (स्टिकचा खालचा चपटा भाग) निवडावे. मैदानी हॉकीची स्टिक येथे चालत नाही, कारण तिथे एकाच बाजूने खेळतात, तर इनलाइन हॉकीत पात्याच्या दोन्ही बाजू वापरतात. इनलाइनचा हलका पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरली जाणारी चपटी चकती, खालच्या बारीक उंचवट्यांवर घसरत जातो, परंतु खडबडीत सिमेंटवर तो उलटून उभा गडगडतो. अशा जागी स्ट्रीट हॉकीचा बॉल, आणि अगदी सुरुवातीला टेनिसचा चेंडू वापरावा. मैदानी हॉकीचा कडक बॉल कदापि वापरू नये. पास घेताना पाते ताठ न धरता चेंडूबरोबर किंचित मागे न्यावे, म्हणजे चेंडू उसळून जात नाही.

गोलची चौकट घरीच करता येते. ठिबक सिंचनामुळे जळगाव परिसरात पीव्हीसी पाइप आणि ते काटकोनात जोडणारे एल्बो गावोगावच्या दुकानांत मिळतात. सहा फूट रुंद आणि चार फूट उंच चौकट जोडून तिला नायलॉनची जाळी बांधली की सरावापुरता गोल तयार होतो. गोलकीपरचे पूर्ण संरक्षक साहित्य मिळेपर्यंत कोणालाही गोलात उभे करू नये. चौकटीच्या दोन खालच्या कोपऱ्यांत प्लास्टिकचे शंकू ठेवून ते पाडण्याचा सराव करावा.

काळ्या मातीची धूळ बेअरिंगमध्ये शिरते, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी प्रत्येक चाक बोटाने फिरवून कानाजवळ धरावे. करकर ऐकू आल्यास बेअरिंग काढावे, झाकण निघत असेल तर काढावे, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ते धुवावे, पूर्ण सुकवावे आणि शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडावेत. पाण्याने धुऊ नये. त्याच वेळी चाक डोळ्यांसमोर आडवे धरून पाहिले की आतली कड अधिक झिजलेली दिसते. तेव्हा डाव्या-उजव्या पायांतील समान मापाची चाके आपापसांत बदलावीत आणि झिजलेली कड बाहेर येईल अशी बसवावीत.

पहिला सामना दोन-दोन किंवा तीन-तीन जणांचा, गोलकीपरशिवाय आणि अर्ध्या मैदानावर खेळावा. स्टिक कमरेच्या वर उचलायची नाही, मागून ओढायचे नाही आणि पडलेल्याजवळ खेळ तत्काळ थांबवायचा, एवढे नियम आरंभी पुरेत. दमल्यावर पाय ताठ होतात आणि पडझड वाढते, त्यामुळे दर दीड-दोन मिनिटांनी खेळाडू बदलावेत आणि बाहेर बसलेल्याने त्या वेळात पाणी प्यावे व सैल झालेली लेस पुन्हा आवळून घ्यावी.