डॅटसन 240झेडचे मागचे स्ट्रट : दुरुस्ती आणि सुधारणा

डॅटसन 240झेड ही सहा सिलिंडरची जपानी स्पोर्ट्स कार 1969 साली लोकांसमोर आली. तिच्या मागच्या बाजूला पाटे नाहीत आणि सलग अ‍ॅक्सलही नाही. प्रत्येक चाक स्वतंत्र स्ट्रटवर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या उभ्या खांबावर, आणि खालच्या रुंद आर्मवर पेललेले असते. या रचनेला लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांचे नाव मिळाले आहे. स्ट्रटची नळी आणि चाकाचे बेअरिंग धरणारे ओतीव घर हा एकच जोडलेला भाग असतो, त्यामुळे आतला शॉकअप पुन्हा विकत मिळाला तरी हे घर बिघडल्यास सोलापुरात बसून दुसरे मिळवणे फार अवघड जाते. म्हणून या कामातली प्रत्येक पायरी ते घर शाबूत ठेवण्याच्या हेतूने ठरवावी, असे माझे मत आहे.

तपासणी सकाळच्या गारव्यात करू नये. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा 42 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा शॉकअपमधले तेल पातळ होते आणि सकाळी ठीक वाटलेला झिजका शॉकअप दुपारी लगेच उघडा पडतो. गाडी थोडी फिरवून आणावी, मागचा कोपरा दाबून सोडावा. तो एकदा वर येऊन स्थिर झाला पाहिजे. नंतर चाक काढून नळी पाहावी. नळीवरची धूळ कोरडी असेल आणि बोटाने झटकली जात असेल तर चिंता नाही, पण वरच्या नटाखाली काळसर, चिकट थर जमला असेल तर सील गेले आहे हे नक्की.

फक्त शॉकअप बदलायचा असेल आणि आर्मचे बुश (सांध्यातली रबरी नळकांडी) चांगले असतील, तर घर आणि आर्म जोडणारी खालची स्पिंडल पिन काढण्याच्या फंदात पडू नये. गाडीची बॉडी जॅकस्टँडवर भक्कम टेकवावी, आर्मखाली जॅक लावावा, ब्रेकचा होज पाइप ब्रॅकेटमधून मोकळा करावा आणि अँटी-रोल बार (वळणावर गाडीचे कलणे आवरणारा दांडा) असल्यास त्याची लिंक सोडवावी. मग सामानाच्या जागेतले आवरण काढून स्ट्रटच्या डोक्यावरचे तीन नट काढावेत. मधल्या मोठ्या नटाला या वेळी अजिबात हात लावू नये, कारण दाबलेली स्प्रिंग त्याच्याच भरवशावर असते. जॅक हळूहळू खाली घेतला की स्ट्रट बाहेरच्या बाजूला कलून चाकाच्या कमानीखालून मोकळा होतो. आता स्प्रिंग दाबून धरणारे दोन कॉम्प्रेसर समोरासमोर लावून दोन्ही बाजूंना आळीपाळीने थोडे थोडे आवळावे, आणि स्प्रिंग वरच्या बैठकीपासून सुटून हाताने फिरू लागल्यावरच मधला नट काढावा. डाव्या-उजव्या स्प्रिंगांवर खूण करून ठेवावी. त्यांची अदलाबदल करू नये.

नळीचे तोंड बंद करणारा ग्लँड नट बहुधा गंजून बसलेला असतो. त्यावर गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे आणि पाइप पान्याने सावकाश फिरवावा. छिन्नी-हातोड्याने फिरवल्यास नळीचे आटे खराब होतात. मूळ रचनेत पिस्टन आणि तेल नळीतच मोकळे असते, म्हणून खाली ट्रे ठेवावा. नळी रॉकेलने धुऊन पूर्ण कोरडी करावी आणि नवे बंद कार्ट्रिज (पिस्टन आणि तेल आतच असलेला तयार शॉकअप) आत सोडून मापून पाहावे. 240झेड आणि नंतरच्या 280झेडच्या नळ्यांची मापे सारखी नसल्यामुळे पेटीवरच्या नावापेक्षा स्वतःच्या मापावर विश्वास ठेवावा. ग्लँड नट आवळल्यावर कार्ट्रिज घट्ट दाबले गेले पाहिजे. नट आधीच नळीवर टेकत असेल तर कार्ट्रिज आत खडखडत राहील, आणि अशा वेळी तळाशी योग्य जाडीची चकती लागते, जी कोणताही लेथवाला करून देऊ शकतो. कार्ट्रिजभोवतीच्या पोकळीत थोडे इंजिन ऑइल घालावे. कार्ट्रिजची उष्णता त्या तेलातून नळीपर्यंत पोहोचते, आणि आपल्या हवामानात ही पायरी गाळणे चुकीचे आहे. मात्र तेल काठोकाठ भरू नये, ते तापून फुगायला जागा हवी.

बुश गेले असतील तर स्पिंडल पिन काढावीच लागते, आणि खरे कष्ट तिथे आहेत. ही लांब पिन ओतीव घरातून आरपार जाते आणि मधोमध एका निमुळत्या लॉक बोल्टने अडकवलेली असते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल तिथे साचून ओल धरून ठेवतो, त्यामुळे पिन घराशी गंजाने एकजीव होते. आधी लॉक बोल्ट पूर्ण काढावा, तेल मुरवावे, घर बाहेरून बेताने तापवावे आणि मगच ओढणारे साधन लावावे. पिनेच्या आट्यांवर घण मारल्यास टोक पसरते आणि ती आणखी घट्ट बसते. तरीही न हलल्यास घर आणि बुश यांच्या फटीतून पिन करवतीने कापावी व उरलेला तुकडा हायड्रॉलिक प्रेसवर काढून घ्यावा. पिन नवी मिळते; तिच्यासाठी घराला तडा जाऊ देऊ नये.

सुधारणेबाबत माझा सल्ला संयमाचा आहे. चांगल्या प्रतीचे गॅसभरित कार्ट्रिज, डोक्यावरचे नवे रबर, नवा बंप स्टॉप (स्ट्रट पूर्ण दाबला गेल्यावर धक्का झेलणारा ठोकळा) आणि मूळच्या उंचीची, किंचित कडक स्प्रिंग एवढ्याने गाडी सुधारते. आटे असलेली, उंची कमी-जास्त करता येणारी कॉइलओव्हर नळी बसवण्यासाठी मूळ स्प्रिंगची बैठक कापावी लागते आणि ती पूर्ववत करणे सोपे नसते. शिवाय मागच्या चाकांचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, बदलण्याची सोय मूळ गाडीत नाही, त्यामुळे गाडी खाली बसवली की चाके वरून आत कलतात, टायर आतल्या बाजूने झिजतात आणि शहरातल्या प्रत्येक गतिरोधकावर स्ट्रट तळाला आपटतो. पॉलियुरेथेनचे बुश आर्मला चालतील. डोक्यावर मात्र रबरच ठेवावे.

जोडताना पिनेला ग्रीस लावावे, तिची खाच लॉक बोल्टसमोर आणावी आणि रबरी बुश असतील तर टोकांचे नट गाडी चाकांवर उभी केल्यानंतरच शेवटचे आवळावेत. हवेत लोंबकळत्या आर्मवर आवळल्यास रबर कायम पिळलेले राहते व लवकर फाटते. ब्रेकची लाइन उघडली असल्यास हवा काढावी. पहिली चाचणी शहराबाहेर, तुळजापूर रस्त्यावर मध्यम वेगाने घ्यावी आणि परत आल्यावर डोक्यावरचे तीन नट, लॉक बोल्ट व ब्रेकचे जोड पुन्हा पान्याने तपासावेत.