कोंडीत तापणारे इंजिन: माझा अनुभव

माझ्या जुन्या पेट्रोल गाडीच्या तापमानाचा काटा मोकळ्या रस्त्यावर मध्यावर स्थिर राहत असे, मात्र वाहतुकीच्या कोंडीत दहा मिनिटे थांबावे लागले की तो लाल पट्ट्याकडे सरकू लागे. हा फरकच मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, कारण धावत्या गाडीत समोरून येणारी हवा रेडिएटर (इंजिनाची उष्णता बाहेर टाकणारी समोरची जाळी) थंड ठेवते, तर उभ्या गाडीत ते काम एकट्या पंख्यावर येते. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप) बंद अवस्थेत अडकला असता, तर इंजिन मोकळ्या रस्त्यावरही तापले असते.

इंजिन पूर्ण गार झाल्यावरच रेडिएटरचे झाकण उघडले (गरम असताना उघडल्यास दाबाखालचे उकळते पाणी अंगावर उडते, हे कृपया कधीही विसरू नये). कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी योग्य होती. मग इंजिन सुरू ठेवून वाट पाहिली, तेव्हा काटा बराच वर गेला तरी पंखा फिरला नाही. एसी लावताच मात्र तो तत्काळ फिरू लागला. म्हणजे मोटर ठीक होती आणि संशय रेडिएटरवरील थर्मोस्विचवर, म्हणजे ठरावीक तापमानाला पंखा सुरू करणाऱ्या स्विचवर आला. त्याच्या जोडणीतल्या दोन तारा वायरच्या तुकड्याने एकमेकींना जोडताच पंखा सुरू झाला.

नवा स्विच जुन्याच्याच तापमानाचा, म्हणजे सुमारे ९५ अंश सेल्सिअसला पंखा सुरू करणारा घेतला. तो बसवताना जेवढे कूलंट सांडले तेवढे पुन्हा भरून, आतली हवा बुडबुड्यांवाटे निघून जाईपर्यंत इंजिन चालू ठेवले; ही पायरी घाईने उरकू नये. आता कोंडीत पंखा वेळेवर सुरू होतो आणि काटा मध्यावरच राहतो.