भाऊबंदकीच्या संमेलनाला लिंकवरून नको, गाडी पकडून जा

आमच्या खानदेशात कुलसंमेलनाचा, म्हणजे एका कुळाच्या भाऊबंदांच्या मेळाव्याचा, मेसेज ग्रुपवर पडला की खाली लगेच दहा जण विचारतात, ऑनलाईन लिंक आहे का. हल्ली असतेही. पण माझं ऐका, लिंकचा नाद सोडा आणि आदल्या दिवशी संध्याकाळीच गावाला पोचा.

मी सात-आठ वर्षं पुण्यात बसून, फोनवर विचारून विचारून एक्सेलमध्ये वंशावळ भरत होतो. त्यात खापरपणजोबा दगडू, त्यांना दोन बायका, सात पोरं, आणि एक पोरगा तर बापापेक्षा अकराच वर्षांनी लहान निघत होता. मला वाटायचं कोणीतरी साल चुकीचं सांगितलंय. मागच्या संमेलनात अमळनेरकडच्या एका मोठ्या मायला, म्हणजे नात्यातल्या म्हाताऱ्या बाईला, ते वाचून दाखवलं तर ती हसायलाच लागली, म्हणे अरे दगडू दोन होते, एक आपला आणि एक वरच्या गल्लीतला, चुलतभाऊ. संपला विषय. पोरं जगत नसली की नजर लागू नये म्हणून दगडू, धोंडू असली नावं ठेवायची पद्धत होतीच, वर आजोबाचं नाव नातवाला, त्यामुळे एकेका घराण्यात तीन-चार दगडू सहज सापडतात. हे एक्सेलला कुठून कळणार, आणि झूमवर मोठ्या मायचा माईक म्यूटच असतो.

तर आता तयारी. वंशावळ मोबाईलवर नेऊ नका, म्हाताऱ्यांना त्या स्क्रीनवर काही दिसत नाही आणि तुम्ही झूम करत बसता तोवर ते दुसऱ्याशी बोलायला लागतात. मोठ्या कागदावर प्रिंट काढा, ए-थ्रीचे चार कागद चिकटवले तरी चालतात, अक्षर ठळक, मधे भरपूर कोरी जागा, आणि सोबत पेन आणू नका, पेन्सिल आणा. संयोजक स्टेजमागे वंशवृक्षाचा फ्लेक्स लावतात, फोटोला भारी दिसतो, पण फ्लेक्सवर चूक कोणी खोडत नाही. तुमचा कागद जेवणाच्या पंगतीजवळ पसरा, माणसं आपोआप वाकून बघतात आणि "हे चुकलंय" म्हणायला कोणाला आमंत्रण लागत नाही.

कागदपत्रांच्या झेरॉक्स घ्या, शाळेचा जुना दाखला, फेरफार (जमीन कोणाकडून कोणाकडे गेली त्याची नोंद), आणि मिळाली असेल तर गाव नमुना 14 ची, म्हणजे जन्म-मृत्यू लिहायच्या कोतवाल बुकाची नक्कल. जुनी असली तर मोडीत असते, संमेलनात एखादा मोडी वाचणारा निवृत्त मास्तर भेटतोच, त्याला पहिला चहा तुम्हीच द्या. दोन-चार शब्द आपल्यालाही माहीत पाहिजेत, वल्द किंवा बिन आलं की पुढे बापाचं नाव, कोम किंवा भ्रतार आलं की नवऱ्याचं. इसवी सन काढायला शके असेल तर 78 मिळवा, फसली (जुनं महसुली साल) असेल तर 590, एखाद वर्ष इकडं तिकडं होतं. कागदावर नुसतं "खानदेश जिल्हा" असेल तर तो बहुतेक 1906 च्या आधीचा, कारण त्या साली पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले, पूर्व म्हणजे आताचा जळगाव, पश्चिम म्हणजे धुळे, आणि नंदुरबार तर 1998 मधे वेगळा झाला. नंदुरबारकडचे लोक जुनी नोंद नंदुरबारच्या नावानं शोधत बसतात आणि ती असते धुळ्याच्या नावाखाली.

सातबारा मात्र पिशवीतच ठेवा. हे मी मार खाता खाता शिकलोय. पहिल्या संमेलनात मी उत्साहात सातबारा काढून एका काकांना विचारलं की हे नाव कोणाचं, तर काकांचा चेहराच बदलला, त्यांना वाटलं हा हिस्सा मागायला आलाय, संध्याकाळपर्यंत माझ्याशी कोणी धड बोललं नाही. वंशावळ हा शब्द आपल्याकडे व्हॅलिडिटीच्या, म्हणजे जात पडताळणीच्या, नाहीतर वाटणीच्या वेळेलाच निघतो, दोष त्यांचा नाही. आधी जेवा, दोन-तीन घरी चहा प्या, मग हळूच सांगा की मला फक्त नावं पाहिजेत.

पोचल्यावर कोणीतरी विचारणारच, "कोना पोऱ्या शे रे तू?", म्हणजे कोणाचा पोरगा तू. तेव्हा आयटीत आहे, पॅकेज एवढं, हे सांगू नका. बापाचं नाव, आजोबाचं नाव, गाव, आणि जमलं तर गल्ली. मग तुम्ही विचारा. आपल्याकडे अर्धा खानदेश पाटील, ते वतनाचं आडनाव, त्यामुळे दोन पाटील भेटले म्हणून भाऊबंद होत नाहीत. मूळ कूळ विचारा, बोरसे का पवार का देवरे, मग देवक (लग्नात पुजतात ते कुळाचं चिन्ह), मग कुलदैवत, म्हसदीची धनदाई का पेडकाई का पाटणची आशापुरी का आडगावची मनुदेवी. देवक एक निघालं तर पूर्वापार सोयरीक करत नाहीत, ते भाऊबंद, तेव्हा पेन्सिल काढायची.

भाषणं ऐकलीच पाहिजेत असं नाही. हारतुरे, सत्कार, दीपप्रज्वलन यात दीड तास जातो, तेवढ्यात मागं जेवणाकडं सटका. हिवाळ्यातलं संमेलन असेल तर भरीत असतंच, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताना आणि नंतर बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचताना जी माणसं उभी असतात ना, ती सगळ्यात जास्त बोलतात. आणि बायकांजवळ बसा. पुरुषांना वरची सात नावं पाठ असतात पण सगळी बापांचीच. कोणाची आत्या कुठं दिली, कोण पहिली बायको, कोणाची पोरं कोणी वाढवली, हे पुऱ्या लाटणाऱ्या बायकांना माहीत असतं. लग्नात नाव बदललेलं असतं, म्हणून प्रत्येकीचं माहेरचं नाव आणि माहेरचं गाव दोन्ही लिहा, नाहीतर तो कागद अर्धाच.

जन्मसाल विचारू नका, "काय माहीत बा" एवढंच उत्तर येतं. उलट विचारा की बहात्तरच्या दुष्काळात तुमचं लग्न झालेलं का, फैजपूरला काँग्रेस भरली (ती डिसेंबर 1936 मधे) तेव्हा तुमचे वडील केवढे होते. एक आजोबा म्हणाले माझा बाप तिथं पायी गेला होता, तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटलेली. झालं, दोन-तीन वर्षांच्या फरकात साल हातात आलं. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा. जुने फोटो काचेत असतात, चमक येते, म्हणून ओट्यावर सावलीत आणून काढा आणि मागची बाजू पण काढा, मागंच नावं असतात.

तुमच्या कुळाचं संमेलन भरतच नसेल तर कानबाई आहे की, आमच्या खानदेशातला देवीचा सण. नागपंचमीनंतरचा रविवार. आमच्याकडे रोटांसाठी, म्हणजे देवीच्या प्रसादासाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं, अगदी तान्ह्या पोराच्या सुद्धा, सव्वा मूठ गहू आणि चण्याची डाळ मोजून घेतात, म्हणजे मूठ मोजताना सगळी नावं मोठ्यानं घेतली जातात आणि यापेक्षा चांगली हजेरी कुठं मिळणार. रोट खायला भाऊबंदच लागतात, म्हणून सुरतपासून कल्याणपर्यंतची माणसं येतात. पोरींची मूठ धरत नाहीत, ते मला पटत नाही, आपल्या कागदावर त्या आपण धरायच्या.

घरी आल्यावर दोन दिवसांत सगळं साफ लिहून काढा, नंतर स्वतःचंच अक्षर लागत नाही. एक दिवस हातात असेल तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात, जिथं जुनी कागदपत्रं जपलेली आहेत, जाऊन या, आणि त्र्यंबकेश्वराला कधी विधीला गेलात तर आपल्या गावाच्या उपाध्यांना यजमानांच्या नावांची वही उघडायला सांगा, तिथं पणजोबांनी स्वतः सांगून लिहवलेलं निघू शकतं.

तो वरच्या गल्लीतला दगडू, त्याचा नातू म्हणे मिलमधे लागला आणि सुरतेला उधन्यात राहिला, पुढचं मोठ्या मायला पण आठवेना. उधन्याची मंडळी कानबाईला येतात असं ती म्हणाली, त्यामुळे यंदा मी शनिवारीच गावात असेन, चारही कागद नवीन चिकटवून, त्या नातवाच्या खाली जागा मोकळी ठेवून.